अर्धनिवृत्तीतील अनेक उद्योग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आजच्या व्याख्यानाचे निमंत्रण देताना 'निवृत्तीनंतरचा वेळ कसा घालवावा' असा विषय आम्हांस सुचविला होता. आम्ही त्यांस नम्रपणे कळविले की, या विषयावर बोलण्याचा आम्हांस मुळीच अधिकार नाही. कारण वेळ घालविण्याची विवंचना आम्हांस निवृत्तीनंतर एक दिवसही पडली नाही. पडली ती उलटी विवंचना. त्यावर ते म्हणाले, "मग त्या उलट्या विवंचनेवरच बोला." तेव्हा ज्यास नोकरीतून सुटका मिळाली परंतु पुरती मिळाली नाही, आणि त्या अर्ध्या सुटकेत ज्याने आवडीची पाच कामे एकदम अंगावर घेतली, अशा मनुष्याचे काय होते, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही कोणी विद्वान नव्हे. जे सांगावयाचे ते बहुतेक स्वानुभवाचे, आणि त्यात फजितीचा भाग अधिक.

२०१८ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, आम्ही एका कारखान्याच्या आरेखन विभागातून निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. ज्यास यापुढे कोठेही वेळेवर जावयाचे नाही त्यास घड्याळ का देतात, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. परंतु आमच्या बाबतीत ते घड्याळ उपयोगी पडले खरे. कारण दोनच महिन्यांनी मालकांचे बोलावणे आले की, नवीन मुलांना शिकविण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस या. सोमवार ते बुधवार कचेरी आणि गुरुवारपासून स्वराज्य, अशी वाटणी ठरली. ती आजतागायत चालू आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी वानप्रस्थाश्रमाची जी कल्पना केली, ती नीट पाहू जाता अर्धनिवृत्तीचीच आहे असे आम्हांस वाटते. केस पिकले, नातवंडाचे मुख पाहिले, की मनुष्याने घर सोडावे. मात्र घरचा अग्नी सोडावयाचा नाही, तो बरोबर न्यावयाचा आणि अरण्यातही त्याची सेवा करावयाची. अग्नी सुटतो तो पुढे, संन्यासात. हा विचार आम्ही एकदा मोठ्या उत्साहाने घरात सांगितला. सौभाग्यवतींनी तो ऐकून घेतला आणि विचारले, "अहो, पत्नीने बरोबर जावे किंवा मुलांपाशी राहावे, अशी सवलत शास्त्रात आहे ना?" आम्ही म्हटले, आहे. "मग मी मुलापाशी राहते. तुमचे पाच अग्नी तुम्हीच सांभाळा."

आता हे पाच अग्नी कोणते, ते सांगितले पाहिजे.

पहिला काचेचा. शाळकरी वयात शेजारच्या एका गृहस्थांच्या दुर्बिणीतून आम्ही शनीची कडी पाहिली होती. तेव्हापासून आपण स्वतःच्या हाताने दुर्बीण करावी, असे मनात होते. चाळीस वर्षे ते मनातच राहिले. २०१९ च्या जानेवारीत सहा इंच व्यासाच्या काचेच्या दोन जाड चकत्या आणल्या. एक खाली पिंपावर बसवावयाची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालावयाचे आणि दुसरी चकती तिच्यावर ठेवून पुढेमागे घासत, पिंपाभोवती फिरत राहावयाचे. घासता घासता वरची काच आपोआप अंतर्गोल होते आणि खालची बहिर्गोल. आमच्या आरशास मध्यभागी जी खोली हवी होती ती जेमतेम सव्वा मिलिमीटर! तेवढी साधल्यावर अधिकाधिक बारीक पूड घेत जावयाचे. आणि प्रत्येक वेळी सारे धुऊन पुसून घ्यावयाचे, कारण आधीच्या जाड पुडीचा एक कण राहिला तरी तो काचेवर ओरखडा उमटवितो. शेवटी पिच नावाच्या डांबरासारख्या पदार्थाचा थर खालच्या चकतीवर ओतून त्यावर झिलई करावयाची. या पिचचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून त्याचा स्वभाव सांगून ठेवतो. हाताला ते कठीण लागते, हातोडीने काचेसारखे फुटते. परंतु नुसते ठेवले तर हळूहळू वाहते. त्यात पाडलेल्या चौकोनी खाचा काही दिवसांत बुजत जातात, आकार बिघडतो, आणि पुन्हा गरम पाण्याने मऊ करून, दाबून, खाचा नव्याने पाडाव्या लागतात.

दुसरा अग्नी पेटीचा. आमचे वडील भजनात पेटी वाजवीत. त्यांच्यामागे ती माळ्यावर पडून होती. भात्याच्या चामड्यास बुरशी, आतल्या बनातीस कसर, पट्ट्या फुगलेल्या, आणि निम्मे सूर मुके. सुराची पितळी पत्ती टोकाशी अलगद घासली की सूर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो, हे एका जुन्या कारागिरांनी दाखविले. आमच्या आरेखनाच्या हातास हे काम मानवले. कानास तितकेसे नाही.

तिसरा मोडीचा. घरात कागदांचा एक रुमाल होता. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गास जाऊन आम्ही ती लिपी शिकलो. शिकणे महिन्याभराचे, वाचता येणे वर्षांचे! लेखणी न उचलता लिहिण्याची ती लिपी. तीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडण्याची रीत नाही, आणि वर्षे शुहूर सनाची, तीही अरबी अंकनामांत. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे अकराशे पंचाहत्तर, म्हणजे इसवी सन १७७४-७५. नऊचा 'तिसा' आणि नव्वदाचा 'तिसैन' यांत एकदा घोटाळा करून आम्ही आमच्या एका पूर्वजास त्याच्या नातवाच्याही नंतर जन्मास घातले होते.

चौथा अग्नी या स्मरणिकेच्या मुद्रिते तपासण्याचा. त्याविषयी अधिक बोलत नाही. चुका आपल्या हातातच आहेत.

आणि पाचवा कुलवृत्तांताचा. आमच्या घराण्याचा वृत्तांत आमच्या आजोबांच्या काळी एकदाच छापला गेला. त्याची नवी, वाढविलेली आवृत्ती काढावी असे घराण्याच्या बैठकीत ठरले आणि निवृत्त मनुष्य म्हणून ते काम आमच्याकडे आले. त्या जुन्या ग्रंथात प्रत्येक पुरुषाचे नाव, जन्मशक, व्यवसाय, विवाह, सारे परिश्रमपूर्वक नोंदलेले आहे. पुत्रांची नावे आहेत. कन्यांच्या रकान्यात मात्र कित्येक ठिकाणी नुसता आकडा: 'कन्या ३', 'कन्या २', 'कन्या ५'. ज्यांनी तो ग्रंथ केला त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी बहुतेकांची दृष्टी तशीच होती. परंतु आम्ही मोजले तेव्हा अशा नुसत्या आकड्यांत अठ्ठावन्न मुली निघाल्या. त्या जन्मल्या, वाढल्या, परकर नेसून याच अंगणात खेळल्या, आणि घराण्याच्या ग्रंथात त्यांस नाव नाही. त्या अठ्ठावन्न जागा भरावयाच्या, हा आम्ही नव्या आवृत्तीचा मुख्य उद्देश मानला.

अशी ही पाच कामे. आमचे एक स्नेही, जे निवृत्तीनंतर फक्त ब्रिज खेळतात आणि उत्तम खेळतात, ते आम्हांस नेहमी म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ही म्हण वर्मी लागण्यासारखी होती. तेव्हा आम्ही आपल्या मनाच्या समर्थनार्थ थोरांची उदाहरणे शोधू लागलो. मनुष्य प्रथम करतो आणि प्रमाणे मागाहून शोधतो, हे वकिलांस सांगावयास नको.

वकिलांवरून आठवले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे उच्च न्यायालयात वकिली करीत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या आवृत्तीस प्रस्तावना लिहावी म्हणून त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाची टिपणे घेण्यास आरंभ केला. त्या प्रस्तावनेचा पुढे असा विस्तार झाला की, १९३० साली पहिला खंड निघाला आणि अखेरचा भाग १९६२ साली, त्यांच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले. परंतु काण्यांचे उदाहरण आमच्या कामाचे नव्हे. ती एकच नदी. तिला उपनद्या मिळाल्या, एवढेच. रवींद्रनाथांचे उदाहरण अधिक जवळचे वाटले. हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांस आकार देता देता साठी उलटल्यावर ते चित्रकलेकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. मात्र त्यांनाही आमच्या पंक्तीस बसविणे हे धारिष्ट्यच होईल.

ज्यांच्या चरित्रापाशी आम्ही खरोखर थांबलो ते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. त्यांचा जन्म १८६५ चा. उभी उमेद बडोदे संस्थानच्या नोकरीत गेली. महाराज सयाजीरावांची वाचने, प्रवास, राजपुत्रांचे शिक्षण, हिशेब, सारे करून रात्री जो वेळ उरे त्यात त्यांनी रियासतीचे खंड लिहिले. १९२५ साली ते निवृत्त झाले आणि पुणे-लोणावळ्याच्या दरम्यान कामशेत येथे जाऊन राहिले. सामान्य मनुष्य येथे आवरते घेतो. सरदेसायांचे मोठे काम येथून सुरू झाले. पेशवे दप्तरातील हजारो रुमालांतून निवडक कागद काढून ते छापण्याचे काम सरकारने त्यांच्यावर सोपविले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे पंचेचाळीस भाग निघाले. पंचेचाळीस! ते एकटे नव्हते, मदतनीस होते. तरीही पासष्टी उलटलेल्या गृहस्थाने तो वेग सांभाळला ही गोष्ट राहतेच. त्यानंतर सर जदुनाथ सरकार यांच्यासमवेत पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे संपादन. आणि मराठ्यांचा नवा इतिहास, इंग्रजीत, तीन खंडांत, १९४६ ते १९४८ दरम्यान प्रसिद्ध झाला. तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. १९५६ साली आत्मचरित्र, १९५७ साली पद्मभूषण, १९५९ साली देहावसान.

हे चरित्र वाचून आम्हांस फार स्फुरण चढले. पण त्या वेळी एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली. सरदेसायांच्या निवृत्तीनंतरच्या कामांचा क्रम असा दिसतो की, प्रथम कागद बाहेर काढले आणि मग त्यांवर आधारलेला इतिहास लिहिला. इतिहास लिहिण्याची हौस त्यांस कमी नव्हती, परंतु दप्तर आधी. इतिहासाचार्य राजवाड्यांचेही तेच. त्यांच्या कामांस तर गणतीच नव्हती: इतिहास, व्याकरण, व्युत्पत्ती, समाजशास्त्र. त्यांतील पुष्कळशी अपुरी राहिली. त्यांचा धातुकोश तर ते १९२६ साली वारल्यानंतर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. असे असूनही गावोगाव हिंडून, वाडे धुंडाळून, वाळवीच्या आणि वाण्याच्या पुड्यांच्या तडाख्यातून कागद सोडविण्याचे काम त्यांनी कधी मागे टाकले नाही. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे बावीस खंड त्यांतून निघाले. सिद्धांत पुढच्यांना मांडता येईल. कागद एकदा पुडीस गेला की गेला. ही गोष्ट आम्ही वाचली होती. वाचलेली गोष्ट आणि कळलेली गोष्ट यांत अंतर असते, ते आम्हांस आमच्या आत्याबाईंनी दाखविले.

या आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांच्या चुलत भगिनी. वय एक्याण्णव, वास्तव्य मिरजेस मुलाकडे. डोळे अधू झाले होते, पण स्मरण असे की, तीन पिढ्यांच्या माहेरवाशिणी त्यांस ओळीने सांगता येत. कोणती कोणाची, कोठे दिली, बाळंतपणास कोणत्या साली आली. आमच्या अठ्ठावन्न जागांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या मुखात होत्या. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांस दूरध्वनीवरून हे सांगितले तेव्हा त्यांस फार आनंद झाला. पुढे दर पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन येऊ लागला. "अरे, कधी येतोस? मला सकाळी काय जेवले ते आता आठवत नाही. पण आजीच्या नणंदा आठवतात. लिहून घे की एकदा."

फोनवर का लिहून घेतले नाही, असे आपण विचाराल. त्यांस ऐकू कमी येई. आणि एवढे मोठे काम समोर बसूनच करावे, असा आमचा कामाच्या शिस्तीचा अभिमान होता. आषाढात स्मरणिकेची मुद्रिते आली. श्रावणाच्या आरंभी जाणार होतो. नेमके त्याच आठवड्यात पिच ओतले गेले होते. चार वर्षे घासलेली काच प्रथमच चमकू लागली होती, खिडकीचे प्रतिबिंब तीत दिसू लागले होते. आम्ही मनाशी विचार केला की, सगळ्या कामांत पिच हे एकच असे आहे की जे थांबत नाही. आठ दिवस सोडले तर आकार बसेल. आत्याबाई काय, आहेतच. म्हणून आम्ही त्यांस कळविले, "आत्या, गणपती झाले की येतो."

"ये हो," त्या म्हणाल्या. "पण ये."

गणपती यावयाच्या आठ दिवस आधी त्या गेल्या. झोपेतच गेल्या, कोणास त्रास दिला नाही.

आम्ही तिसऱ्या दिवशी मिरजेस पोहोचलो. वाटेत, गाडीत, आम्हांस सारखे ते पिचच आठवत होते. ते थांबत नाही हे खरे. पण बिघडले तर काय होते? गरम पाणी घालून पुन्हा दाबता येते. अगदीच वाया गेले तर खरवडून टाकून नवे ओतता येते. दोन दिवसांचे आणि काही रुपयांचे काम! जे थांबत नाही आणि जे पुन्हा मिळत नाही, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही आयुष्यभर यंत्रांचे सुटे भाग आरेखणारा मनुष्य असूनही, जो भाग पुन्हा घडविता येतो त्याच्यापायी, जो येत नाही तो घालविला.

नोकरीत हा प्रश्न आमच्यावर कधी पडलाच नव्हता. कोणते काम आधी, हे साहेब ठरवीत. आम्ही फक्त कुरकुर करीत असू. अर्धनिवृत्तीत साहेब उरत नाही आणि पाचही कामे सारख्याच मोकळेपणाने पुढे येऊन उभी राहतात. अशा वेळी मनुष्य जे अधिक गोड त्याकडे वळतो आणि त्यालाच निकडीचे असे नाव देतो. आम्ही पिचला दिले. काच चमकू लागली होती, हे खरे कारण होते.

दिवसकार्य आटोपल्यावर आमच्या आतेभावांनी एक पुडके पुढे केले. "रद्दीत चालले होते. तुम्हांला कागदांचा नाद आहे, म्हणून ठेवले." वर जुने वर्तमानपत्र गुंडाळलेले, आत दोऱ्याने शिवलेली एक जाड वही. ती आत्याबाईंची आहेराची वही होती.

भगिनींस या वहीचे महत्त्व सांगावयास नको. बंधूंस कदाचित सांगावे लागेल. कोणाच्या घरी लग्न, मुंज, बारसे झाले, आपण काय दिले, आपल्याकडे झाले तेव्हा त्यांनी काय दिले, हे गृहिणी टिपून ठेवीत, कारण परतफेड चुकता कामा नये. आत्याबाईंनी १९५४ साली, स्वतःच्या लग्नानंतर लवकरच, ही वही सुरू केली आणि १९८० नंतर केव्हातरी थांबविली. 'खण १, रोख रु. ५.' 'पातेले मध्यम १.' 'कुंची व रु. २.' आणि समोर नाव. आता यात मौज अशी की, सासरचे नाव लिहिण्याची तेव्हाची रीत असता आत्याबाईंनी प्रत्येक माहेरवाशिणीचे माहेरचे नाव आधी लिहिले आहे आणि सासरचे नाव व गाव मागाहून. त्यांनी असे का केले असेल, ते विचारावयास आता त्या नाहीत. त्या वहीवरून आम्ही अठ्ठावन्नपैकी तेवीस जागा भरल्या. जे हिशेबाचे म्हणून लिहिले गेले, त्यातून आमच्या घराण्याच्या मुली परत मिळाल्या.

बाकीच्यांपैकी अकरा नोंदींत टोपणनावेच आहेत. 'चिमी', 'बेबी', 'ठाण्याची माई'. ही चिमी म्हणजे कोण, हे कोणास सांगता येत नाही. आत्याबाईंस एका वाक्यात सांगता आले असते.

आणखी एक नोंद सांगतो, कारण तिच्याविषयी आपल्यांतील काहींशी आमचा मतभेद आहे आणि तो येथे उघडपणे बोललेला बरा. १९६३ सालच्या एका पानावर 'खण १, रोख रु. ५' अशी नोंद आहे आणि समोर माहेरचे नाव तेवढे आहे. सासरच्या नावाची जागा कोरी. चौकशीअंती कळले की, त्या मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला होता आणि तिच्या वडिलांनी तिचे नाव टाकले होते. आत्याबाईंनी मात्र तिला खण पाठविला. पाच रुपये ही त्या वहीतील सख्ख्या पुतण्यांच्या लग्नाची रक्कम; आत्याबाईंनी हात आखडता घेतला नाही. नव्या कुलवृत्तांतात अशा कन्यांची नावे घालावी काय, असा प्रश्न आमच्या घराण्याच्या बैठकीत निघाला. घालू नयेत, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी आदर राखूनही आम्ही ती घातली आहेत. कुलवृत्तांत म्हणजे त्या कुळात कोण जन्मले याचा ग्रंथ होय. पुढे कोण कोठे गेले हे त्यानंतरचे. त्या मुलीच्या नातीशी आता आमचा पत्रव्यवहार आहे. सासरचे नाव तिनेच कळविले. कोरी जागा भरली.

त्या भाद्रपदानंतर घरात एक नवी व्यवस्था लागली, लावणाऱ्या सौभाग्यवती. त्यांनी दिनदर्शिकेवर आमच्या पाच कामांची नावे लिहिली आणि क्रम घातला: आधी बोलणारी माणसे, मग कसर लागणारे कागद, मग पेटी, मग काच. स्मरणिकेस क्रम नाही, कारण छापखान्याचा माणूस दाराशी येऊन बसतोच. "काचेला काय धाड भरली आहे?" त्या म्हणाल्या. "शनी आणखी पाच वर्षांनीही तिथेच असेल." शास्त्रदृष्ट्या हे विधान निर्दोष आहे.

या क्रमामुळे कामे कमी झाली, असे मात्र नाही. पाचांपैकी एकही आम्ही सोडले नाही आणि सोडणार नाही. मंडळी विचारतात, एवढे सारे एकदम कशाला? खरे सांगावयाचे तर एकच काम असते तर आम्ही ते केव्हाच टाकले असते. मोडीचा एखादा शब्द दोन दिवस अडून बसला की आम्ही पेटी उघडतो. आणि पत्ती घासता घासता एकाएकी तो शब्द सुटतो. कसा सुटतो ते सांगता येत नाही. कुलवृत्तांतातील मृत्यूंच्या तारखा दिवसभर उतरून काढल्यावर काचेपाशी उभे राहून निमूटपणे पिंपाभोवती फिरणे, हे औषधासारखे आहे. एकाचा शीण दुसऱ्यात उतरतो, आणि म्हणून आमच्या ब्रिजवाल्या स्नेह्यांच्या चिंध्या आम्हांस मान्य असल्या तरी त्या टाकून देण्याजोग्या वाटत नाहीत. आमची आजी चिंध्यांचीच गोधडी शिवीत असे.

वृद्धांकडे जाण्याचे आमचे आता व्रतच झाले आहे. गुरुवार त्यांचा. सारेच फळते असे नव्हे. बेळगावचे आमचे एक काका, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्यापुढे मोबाईल ठेवून आम्ही आमच्या मोठ्या आजोबांच्या बहिणींविषयी विचारले. काकांनी तीन तास त्यांच्या नोकरीतील एका कालव्याची हकिगत सांगितली. किती लांब, किती रुंद, सिमेंट कोणी खाल्ले, सारे. बहिणींचा उल्लेख नाही. निघताना उंबऱ्यापाशी त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "अरे, त्या दोघीच नव्हत्या. तिसरी होती. द्वारका. लहानपणीच देवीने गेली." छापील ग्रंथात तेथे 'कन्या २' आहे. द्वारकेस त्या आकड्यातही जागा मिळाली नव्हती. तीन तासांचा कालवा आम्हांस स्वस्त पडला.

कामांची सद्यःस्थिती थोडक्यात सांगून आवरतो. पेटीचे सारे सूर आता बोलतात. दोन खोटे बोलतात. मोडी रुमालातील निम्मे कागद उतरून झाले आहेत. अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस नावे हाती आहेत, आणि द्वारका धरून आता एकूण जागा एकोणसाठ. काचेवर फडके टाकून ठेवले आहे. पिच अर्थातच बसले.

आता एक विनंती. आज येथे सभागृहाच्या दाराशी, भोजनाच्या मंडपाकडे जाण्याच्या वाटेवर, मंडळाने एक टेबल मांडले आहे आणि तेथे आपल्यातील दोन तरुण मुली बसल्या आहेत. ज्यांच्या घरी आजीच्या, पणजीच्या आहेराच्या वह्या, बाळंतिणीच्या खर्चाच्या वह्या, हळदीकुंकवाच्या याद्या असतील, त्यांनी आपले नाव व पत्ता तेथे लिहून द्यावा. वही द्यावयाची नाही. मुली घरी येऊन पानांची छायाचित्रे घेतील आणि वही आपल्यापाशीच राहील. दिवाळीच्या साफसफाईपूर्वी कळवाल तर अधिक बरे. आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी बोलावयास तयार असेल, त्यांनी आमचा गुरुवार सांगून ठेवावा. कालव्याची हकिगत ऐकण्याचीही आमची तयारी आहे.

भोजनाची वर्दी आलेली दिसते.